काजूच्या मोसमातलं गाऱ्हाणं

काजूच्या वासाने लोकांना काय काय आठवतं. आमच्या गावातून पुण्या-मुंबईला गेलेली माणसं तर या वासावर हळवी होऊन फेसबुकवर लांबलचक लिहितात. पिकून खाली पडलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, तो आंबूस, गोडसर, थोडा कुजका वास. उतारावरून खाली येणारा, जनेलाच्या उघड्या खिडकीतून आत शिरणारा, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटणारा. मला या वासाचा राग येतो. नऊ वर्षांत एकदाही शिळा न झालेला राग. मार्च उजाडतो, गोव्यातल्या धारगळच्या आमच्या घरामागे बोंडू पडायला लागतात आणि मी सकाळी दार उघडते तीच कोणाशी तरी भांडायच्या तयारीने. आईला हे ठाऊक आहे. ती शेजारणीला सांगते, "काजू लागले. आता हिच्या वाटेक जाव नको."

यंदाही लागले. डोक्यावरून मोपाच्या विमानतळावरची विमानं जातात, खाली हायवेवर ट्रक हॉर्न मारतात आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बोंडू टपकल्याचा तो मऊ आवाज येतो. मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसते आणि मनातल्या मनात एका माणसाशी वाद घालते. तो माणूस माझा मामा. वाद नऊ वर्षांपूर्वीचा आहे आणि मी तो रोज जिंकते, कारण मामा तिथे नसतो.

मी ट्रंपेट वाजवते. जॅझ वाजवते, जॅझच्या रचना करते आणि पाच जणांचा बँड चालवते. इतकं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले. "म्हणजे गाता?" नाही, गात नाही. "मग बँड मिस्टरांचा का?" मिस्टर नाहीत. "मग हे सगळं बसवून कोण देतं?" मी. इथे समोरचा माणूस हसतो. तो वाईट नसतो, उलट चांगल्या घरातला, शिकलेला असतो. माझं काहीतरी चुकतंय आणि आपण ते मनावर घेत नाही, अशा समजुतीने तो हसतो आणि शेवटी विचारतो, "पेटी येते का तुम्हांला?"

ट्रंपेट मला मामाने दिला. दिचोलीत मामाचा बँड होता. लग्नाच्या वरातीला, जत्रेत पालखीपुढे, गणपतीला वाजणारा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी दोऱ्या, आणि सगळ्यांच्या पुढे मामा. लोक त्याला मास्तर म्हणत. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे राहायला जायची. मामाचा मुलगा वाद्य दिसलं की पळायचा, आणि मी मात्र कोटांच्या पेटीवर बसून तालीम बघायची. एके दिवशी मामाने कंटाळून वाद्य माझ्या हातात दिलं. फुंकर कशी धरायची, पोटातून श्वास कसा काढायचा, ओठ किती आवळायचे, सगळं त्याने शिकवलं. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पहिला स्वर काढला. तेव्हा मामी दारात उभी राहून म्हणाली, "ओठांचा ह्यां काय करून घेतलंस? असल्या तोंडाक पसंत कोण करतलो?" मी आरशात पाहिलं. वरच्या ओठावर लाल वळ उठला होता. तो मला आवडला.

मामाची एकच अट होती. "खोलीत किती होया तितक्या वाजव. रस्त्यार नाय."

मी खोलीत वाजवलं. पंधराव्या वर्षी मामाच्या बँडातल्या कुठल्याही माणसापेक्षा मी चांगली वाजवत होते, हे मामाही मान्य करायचा. त्यामुळे झालं असं, की नवा वाजवणारा आला की त्याला माझ्याकडे पाठवत. तो माझ्यासमोर बसून गाणं शिकायचा, कोट चढवायचा आणि पालखीपुढे जायचा. मी जनेलात उभी राहून, त्याने माझा कुठला स्वर कुठे खाल्ला, ते ऐकायची. जाता जाता तो वर बघून हात करायचा. मीही करायची. तेव्हा मला वाटायचं, ही गंमत आहे.

पण त्या खोलीतली एक गोष्ट मला मनापासून आवडायची. मोसमात पहिल्यांदा बाहेर पडण्याआधी मामा गाऱ्हाणं घालायचा. आमच्या भागात कुठलंही काम हाती घ्यायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. मामा चटई अंथरायचा, त्यावर सगळी वाद्यं मांडायचा, मध्ये नारळ ठेवायचा आणि उभा राहून मोठ्याने देवाशी बोलू लागायचा. त्याने एक मागणं केलं की भोवतीचे सगळे एका आवाजात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" पुन्हा एक मागणं, पुन्हा "व्हय म्हाराजा!" काम ज्याचं, त्याचं नाव गाऱ्हाण्यात घ्यायचं असतं. एकदा नाव पडलं की काम त्याचं. यश आलं तर त्याचं, तोंडघशी पडलं तरी त्याचं. शेवटी तो माणूस पुढे होऊन नारळ उचलतो. दरवर्षी मामाच उचलायचा.

पुढे कितीतरी वर्षांनी म्हापशाला एका दुकानात जॅझ पहिल्यांदा कानावर पडला. एक ट्रंपेट काहीतरी म्हणत होता आणि अख्खा बँड त्याला उत्तर देत होता. मग तो थोडं वेगळं म्हणायचा, पुन्हा सगळे उत्तर द्यायचे. दुकानदार मला समजावून सांगू लागला की हे अमेरिकेतलं असतं, समजायला अवघड असतं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. यात न समजण्यासारखं काय होतं? हे तर गाऱ्हाणं होतं.

मी तुये इथे औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. आठ तास यंत्राशेजारी उभं राहायचं, गोळ्यांच्या पट्ट्या तपासायच्या. ते यंत्र सहा ठोके सरळ द्यायचं आणि सातव्याला जरा अडखळायचं. मेकॅनिक त्याला शिव्या घालायचा. मी त्या अडखळण्यावर डोलायची. तिथेच, खोक्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मी माझी पहिली रचना लिहिली. ट्रंपेट मागणं करतो, बँड हो म्हणतो. सात मागणी. दर मागण्याला सूर थोडा वर सरकतो, आणि सातव्याला बँड हो म्हणायच्या आधी क्षणभर अडखळतो. नाव ठेवलं 'होकार'.

बँड जमला तो असा. पियानोला म्हापशाची जोआना. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, तोंडाने फटकळ, आणि हॉटेलांत वाजवायला गेली की "मॅडम, जरा हसत वाजवा" असं ऐकून ऐकून वैतागलेली. ड्रम्सला इब्रामपूरचा गौरेश. त्याचा हात घुमटावर, आमच्याकडच्या मातीच्या तालवाद्यावर, तयार झालेला होता आणि तो खरोखर चांगला वाजवायचा, हे मला आजही नाकारता येत नाही. माझ्याहून चार वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा. बेस आणि सॅक्सला दोघे भाऊ होते, ते कधीच फार बोलले नाहीत. आमच्या मांगरात, म्हणजे मागच्या शेडमध्ये, काजूच्या पोत्यांना टेकून आम्ही हिवाळाभर तालीम केली. मी लिहिलेलं वाजायचं. मी थांब म्हटलं की थांबायचे. आई सगळ्यांना उंडे, म्हणजे गोल पाव, आणि भाजी द्यायची. आपलं आता बरं चाललंय, असं वाटायला लावणारे ते दिवस होते, आणि म्हणूनच मी त्यांच्यावर चिडते.

एप्रिलमध्ये मांद्रेच्या समुद्रकाठच्या एका हॉटेलातून बोलावणं आलं. सीझन संपत आला होता, शेवटच्या शनिवारी सूर्यास्ताला वाजवायचं. वाजलेलं आवडलं तर ऑक्टोबरपासून अख्खा सीझन, दर रविवारी, दाराशी बँडच्या नावाची पाटी. मला जे हवं होतं ते एवढंच होतं. पाटी. तिच्यावर माझं नाव, 'सुलक्षा क्विंटेट'. मग मी कारखाना सोडणार होते, मग "हे सगळं बसवून कोण देतं" असं विचारणाऱ्याला पाटीकडे बोट दाखवणार होते.

आणि इतकं सगळं नीट जुळून येत असताना गाऱ्हाण्याची कल्पना माझी मलाच सुचली. कोणी सांगितलं नव्हतं. नवा बँड गाऱ्हाण्याशिवाय बाहेर पडतो का कधी, असं म्हणून मी चौघांना गाडीत घालून रविवारी सकाळी दिचोलीला मामाकडे घेऊन गेले. शेजारच्या भाटीवर उराक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, काढायचं काम चाललं होतं, सगळ्या वाड्यात काजूचा वास कोंडला होता. मामाने चटई अंथरली, वाद्यं मांडून घेतली. माझा ट्रंपेट त्याने धोतराने पुसला. जोआनाने हळूच विचारलं, तिने काय करायचं. मी म्हटलं, "सगळे म्हणतात तेव्हा तूही म्हण."

मामा उभा राहिला. आवाज तेव्हा खणखणीत होता. "बा देवा म्हाराजा! आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, ती मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मामाची नजर चटईवरून फिरत आमच्यावर आली, माझ्यावरून पुढे गेली आणि गौरेशवर थांबली. "ह्या गौरेशान नवो बँड उभो केल्यान हा, त्येका यश दी, त्येच्या हाताक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. ट्रंपेट वाजवणारीची छाती, लहानपणापासूनची सवय, मागणं संपलं की तोंडातून उत्तर आलंच. आपण कशाला हो म्हटलं, ते मला उत्तर देऊन झाल्यावर कळलं. बाजूला पाहिलं तर जोआना गप्प होती. तिला सवय नव्हती, म्हणून तिने नीट ऐकलं होतं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्यासमोर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली होती.

नारळ उचलायची वेळ आली. गौरेशने एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ. मग पुढे झाला आणि नारळ उचलला. त्या पापणीभर वेळावर मी नऊ वर्षं विचार केला आहे. तेवढ्यात तो काहीही म्हणू शकला असता. मीही म्हणू शकले असते.

मामाला मी बाजूला घेतलं. "मामा, बँड माझो हा."

"माका म्हायत हा गो," मामा म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "पण देवाक सांगताना पुरसाचा नाव सांगतत. घरच्या गाऱ्हाण्यात तुझ्या आवशीचा नाव कधी पडला? नाव तेचा, काम तुझा. तुका काय कमी पडता?"

"परत घाल."

"गाऱ्हाणा परत घालूक येना. देव म्हंजे काय पोर हा? एकदा एक सांगायचा, मगे दुसरा?"

मला शिकवणारा माणूस हा. माझा श्वास किती पुरतो हे ज्याला माझ्या आईपेक्षा जास्त ठाऊक, तो हा माणूस. परक्याने केलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. मामासमोर मी बोंडूचा ताजा रस प्यायले आणि घरी आले.

शनिवारी मांद्रेला पोचलो तर दारात पाटी होती. 'गौरेश क्विंटेट'. छान रंगवलेली, कडेला नारळाची झाडं. मी गौरेशकडे पाहिलं. तो ड्रम्सचे स्क्रू आवळत होता. "ताई, मास्तरान देवाकडे नाव घातल्यान. मॅनेजरान इचारला, मिया सांगलंय. आता मिया काय करू?" इतक्या साळसूदपणे म्हणाला की मला क्षणभर वाटलं, खरंच, याने काय करावं. मॅनेजर येऊन मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही मधोमध उभ्या राहा, फोटो चांगला येतो."

संध्याकाळ सुंदर होती. मला तिचं काही सांगायचं नाही.

पहिल्याच गाण्याला मी बोटांनी लय दिली आणि गौरेशने तिच्याहून संथ लय धरली. चूक नव्हती ती. कोणाच्या मागून जायचं, ते तो बाकीच्यांना दाखवत होता. दोघे भाऊ त्याच्या मागून गेले. जोआना माझ्याबरोबर राहिली, आणि आम्ही दोघी घाई करतोय असं ऐकणाऱ्याला वाटलं असणार. मग मॅनेजरने माईक घेतला आणि सांगितलं, आता ऐका पेडण्याची एक पारंपरिक धून, बसवली आहे गौरेशने. ती 'होकार' होती. पॅकिंगच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली माझी 'होकार', ती पारंपरिक.

पुरुषाने केली की रचना होते. बाईने केली की ती आपोआप जुनी होते, आजीपणजीची होते, मातीतली होते, कोणाचीच नसते. ओवी कोणी रचली असं कोणी विचारतं का? जात्यावर बसलेल्या एखाद्या बाईने एका सकाळी तो शब्द पहिल्यांदा जुळवला असेल, शेजारणीला म्हणाली असेल, बघ मला काय सुचलं. तिचं नाव कुठे आहे? तिलाही कोणीतरी म्हणालं असेल, तुका काय कमी पडता.

मी 'होकार' सुरू केली. पहिलं मागणं, बँडचं उत्तर. दुसरं, उत्तर. तिसऱ्याला गौरेश पुन्हा लय ओढू लागला. चौथं झालं. पाचवं मागणं मी केलंच नाही.

ट्रंपेट ओठांपासून दोन बोटं दूर धरून मी उभी राहिले. बँड उत्तर द्यायच्या तयारीत होता, पण मागणंच नाही तर उत्तर कशाचं देणार? ड्रम्स थांबले. बेस थांबला. समुद्र ऐकू आला, कोणाचातरी चमचा बशीत पडलेला ऐकू आला. मी वळून गौरेशकडे बघत राहिले, तो मान खाली घालून बसला, मग शेवटी त्याला वर बघावंच लागलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. तेव्हा मी पाचवं मागणं वाजवलं, माझ्या लयीत, आणि ते चौघेही त्याच लयीत आत आले. दुसरा इलाज नव्हता त्यांना.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मॅनेजर धावत आला, गौरेशचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ती मधली शांतता काय जमवलीस रे!"

जोआनाने पियानोचं झाकण असं आपटलं की पुढच्या टेबलावरची बाई दचकली. "तें तिचें," ती म्हणाली. मॅनेजर तिच्याकडे बघून गोड हसला.

ऑक्टोबरपासून दर रविवारी तिथे 'गौरेश क्विंटेट' वाजू लागला. ट्रंपेटला मडगावचा कोणी माणूस घेतला होता. कारखान्याची बस त्या रस्त्याने जात नाही, पण एका रविवारी मी मुद्दाम स्कूटर घेऊन गेले आणि कुंपणाबाहेर उभी राहिले. 'होकार' चालली होती. पाचव्या मागण्याशी तो माणूस थांबला, तसाच, वाद्य दोन बोटं दूर धरून. शांतता झाली. लोक वाट बघू लागले. माझा रागसुद्धा त्यांनी बसवून घेतला होता. मी स्कूटर वळवली आणि घरी आले.

त्यानंतरची वर्षं मी मोजून सांगत नाही. जोआना आणि मी पुन्हा माणसं जमवली. तीन वर्षांपूर्वी मी कारखाना सोडला. आता ड्रम्सला दोडामार्गची एक मुलगी आहे, ती माझ्या बोटांकडे बघते आणि कधीकधी मला उलट उत्तरही देते, ते मला चालतं. वाजवायला जाते तिथे साऊंडवाला आजही आधी बेसवाल्याला विचारतो, "सर, आवाज ठीक?" बेसवाला माझ्याकडे बोट दाखवतो. साऊंडवाला तरी त्यालाच विचारतो. लोक मला म्हणतात, तुम्ही कडवट झालात. हो, झाले. कलेने मन मोठं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या कुंपणाबाहेर उभं राहून बघावं.

यंदा फेब्रुवारीत ठरलं की माझ्या आठ रचना पर्वरीच्या स्टुडिओत रेकॉर्ड करायच्या. पहिली 'होकार', आणि खाली रचनाकार म्हणून माझं नाव, पहिल्यांदाच छापलेलं. जोआना म्हणाली, "आधी मामाकडे जाऊया."

मी म्हटलं, "मरेपर्यंत नाही."

"तूच सांगतेस ना, नाव पडलं की काम त्याचं? तुमच्या देवाकडे अजून गौरेशचं नाव आहे. मी अशा कामात पियानो वाजवणार नाही." ती थट्टा करत नव्हती. आमच्या घरातल्या कोणापेक्षाही त्या गाऱ्हाण्यावर तिचा जास्त विश्वास आहे, कारण तिने ते एकदाच ऐकलं आणि नीट ऐकलं.

म्हणून गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या खोलीत उभी होते. कोटांची पेटी आहे, कोट नाहीत. डीजे आले आणि मामाचा बँड बंद पडला. मामा ऐंशीच्या पुढे गेला आहे. छातीने दगा दिलाय, चार पावलं चालला की बसायला खुर्ची शोधतो. बाहेर तोच वास. जोआना, दोडामार्गची मुलगी, बेस आणि सॅक्सवाले गोल उभे राहिले. मामाने चटईवरच्या ट्रंपेटकडे पाहिलं आणि उभं राहून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ही..." आणि खोकला. पुन्हा सुरुवात, पुन्हा खोकला. खुर्चीत बसला आणि हाताने मला खूण केली. "तूच घाल."

मामी दारातून म्हणाली, "बायलमाणसान गाऱ्हाणा?"

"श्वास तिका हा," मामा म्हणाला. "माका नाय."

मी पुढे झाले. पोटातून श्वास घेतला, त्यानेच शिकवल्यासारखा. गाऱ्हाण्याची लय मला ठाऊक आहे. माझ्या सगळ्या संगीताचं ते मूळ आहे. मागणं किती लांब ठेवायचं, आवाज शेवटी कुठे खाली आणायचा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या तोंडून उत्तर आल्याशिवाय राहत नाही, हे मी आयुष्यभर वाजवत आले.

"बा देवा म्हाराजा! आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, ती मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मामाचा घोगरा आवाज सगळ्यांच्या पाठोपाठ आला.

"मास्तरान आयुष्यभर वाद्यां सांभाळल्यान, तेका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता तो सगळ्यांच्या बरोबरीने होता. डोळे मिटलेले, मान डोलत होती.

"नऊ वर्सांमागे ह्याच चटयेर मास्तरान भलत्याचा नाव घातल्यान, ता आज काढून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बँड सुलक्षाचो, 'होकार' सुलक्षान रचल्यान, तिचा नाव तिका दी रे म्हाराजा!"

इथे मी थांबले. बाकीचे चौघे गप्प राहिले. वाटेत गाडीत मी त्यांना तेवढंच सांगितलं होतं, शेवटच्या मागण्याला कोणी बोलायचं नाही. खोलीत शांतता झाली. एक बोंडू पत्र्यावर पडून घरंगळत गेला.

"व्हय म्हाराजा!"

एकटा मामा. ऐंशी वर्षांची सवय, मागणं संपलं की उत्तर येणारच. स्वतःचाच आवाज ऐकून त्याने डोळे उघडले. आपण कशाला हो म्हटलं, ते त्याला कळताना मी बघत होते. माझ्या चेहऱ्यावर त्या सकाळी काय दिसलं असेल, ते नऊ वर्षांनी मला मामाच्या चेहऱ्यावर बघायला मिळालं.

"फशिवलंस गो माका," मामा म्हणाला.

"नाय मामा. मिया फक्त जागा सोडलंय."

त्याला पुन्हा उबळ आली. खोकत राहिला. मामी पाणी आणायला गेली. सगळे उभेच होते, नारळाकडे बघत. कोणीतरी सांगेल म्हणून मी वाट बघितली नाही. वाकले आणि नारळ उचलला.